फिरतीवरचा माणूस

रान आवडणारी माणसं पुष्कळ असतात. रानातच ज्यांची नोकरी असते, त्यांना मात्र ते आवडतंच असं नाही. रोज तीच वाट, तोच नाला, तेच साग मोजायचे, उन्हाळा आला की तोच वणवा विझवायचा. अशा माणसाला दिवस कलला की घराची ओढ लागते, आणि त्यात वावगं काही नाही. आपण रविवारचे लोक. पाठीला पिशवी लावून जातो, दोन घटका हिंडतो, डोळे निववून परततो. आपलं प्रेम खोटं नसतं, पण ते फुरसतीचं असतं. त्याला घाम कधी लागलेला नसतो.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली आठवले की आधी हेच मनात येतं. त्यांचा रानाचा ओढा आणि त्यांची सरकारी नोकरी आयुष्यभर एकाच पायवाटेने चालली. वनखात्यात साहेब कामासाठी बाहेर पडला की म्हणतात, साहेब फिरतीवर आहेत. चितमपल्लींची फिरती निवृत्तीच्या कागदावर सही झाल्यानंतरही संपली नाही. 18 जून 2025 ला, मृग नक्षत्र चालू असताना, सोलापुरात ते गेले. वय 92 होतं. मी त्यांना कधी भेटलो नाही. माझी त्यांची ओळख पुस्तकांतली, आणि त्या पुस्तकांनी ज्या वाटांवर नेलं त्या वाटांवरची.

जन्मही सोलापूरचाच, 5 नोव्हेंबर 1932 चा. त्या काळचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं आणि हातमागांचं गाव. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि उर्दू. गावाबाहेर पडावं तर चहूकडे माळ: कुसळी गवत, बोरी, बाभळी, हिवर, आणि वर सगळं आभाळच आभाळ. पुढे मराठी वाचकाला दाट अरण्याचं वेड लावणारा माणूस अशा उघड्या मुलखात जन्माला यावा, याचं मला आधी नवल वाटायचं. सोलापूरच्या माळावरून हिंडताना ते नवल हळूहळू ओसरलं. दाट रानात पक्षी पानाआड दडतो, त्यामुळे न दिसल्याचं आपल्याला काही वाटत नाही. माळावर आडोसा नसतो, तरीही चंडोल पायाशी येईपर्यंत ढेकळाहून वेगळा दिसत नाही. टिटवी उघड्यावर, खड्यांतच अंडी घालते, आणि नेमकं तिथे बघूनही ती नजरेला पडत नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवतात माळढोकासारखा धिप्पाड पक्षीसुद्धा मान खाली घातली की नाहीसा होतो. उघड्यावरचं न दिसणं ज्याने लहानपणी अनुभवलं, त्याची नजर पुढे कुठेही कामाला येते. रानाची गोडी त्यांना आईने आणि मामाने लावली. पुस्तकं त्यानंतर आली.

1958 ते 1960 अशी दोन वर्षं ते कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकले आणि रेंजर होऊन बाहेर पडले. रेंजरच्या कामाबद्दल आपल्या मनात एक चित्र असतं. खाकी कपडे, जीप, दुर्बीण, समोर वाघ. त्या काळच्या रेंजरचं वर्ष कसं जात असे ते पाहिलं की चित्र बदलतं. हिवाळ्यात कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, आखायचे, तोडीच्या झाडांवर हातोड्याने खूण उठवायची, ओंडक्यांचे घेर मोजून घनफूट काढायचे, डेपोवर लिलाव लावायचे. पानगळ सुरू झाली की जाळरेषा काढायच्या. पाचोळ्याचे पट्टे झाडून, जाळून मोकळे ठेवायचे, म्हणजे वणवा एका कंपार्टमेंटमधून दुसऱ्यात उडी मारत नाही. एप्रिल-मे तेंदूपत्त्याचे. फडावर उन्हात पुडके मोजत बसायचं. पहिला पाऊस पडला की रोपवन. मधेच कुठे चोरटी तोड सापडली की पंचनामा, जप्ती, मग तालुक्याच्या कोर्टातल्या तारखा. आणि हे सगळं रोजच्या रोज डायरीत लिहून वरिष्ठांकडे पाठवायचं.

या यादीत एक गोष्ट मला नेहमी टोचते. झाडावर जीव असलेल्या माणसाच्या हातात खात्याने खुणेचा हातोडा दिलेला असतो. कुठलं झाड पडणार हे त्यानेच ठरवायचं. इंग्रजांच्या वेळेपासून वनखातं उभं राहिलं ते लाकडाच्या हिशेबावर. जंगल जपायचं ते नीट कापता यावं म्हणून. वन्यजीव, अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं हा विचार खात्यात पुढे रुजला. चितमपल्लींची नोकरी नेमकी या दोन काळांच्या सांध्यावर झाली. ते लागले तेव्हा सागाचे घनफूट मोठे होते. 1990 मध्ये निवृत्त झाले तेव्हा वाघाचं आणि पाखराचंही खात्यात वजन झालं होतं. हा बदल कायद्याने झाला, दिल्लीच्या निर्णयांनी झाला, हे खरंच. पण कायदा कागदावर येतो आणि जंगलात उतरतो तो माणसांच्या पायांनी. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट या नावांशी चितमपल्लींचं नाव जोडलं गेलं ते या पायपिटीमुळे.

पनवेलजवळचं कर्नाळा 1968 मध्ये पक्षी अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं पक्षी अभयारण्य. जेमतेम 12 चौरस किलोमीटरचा तुकडा, आणि त्याच्या अंगावरून मुंबई-गोवा रस्ता गेलेला. मी तिथे गेलो की नेहमी गर्दी असते. किल्ल्याचा सुळका बघायला निघालेली पोरं, डबे, आरडाओरडा. तरी वाट सोडून जरा आत सरकलं, बूड टेकलं आणि गप्प बसलं की रान आपलं काम पुन्हा सुरू करतं. भृंगराज एका फांदीवरून शिक्र्याचा आवाज काढतो, दुसऱ्या फांदीवरून मांजराचा, आणि त्याच्या शेपटीची दोन लांब पिसं मागे भुंग्यांसारखी उडत येतात. एवढ्याशा जंगलात इतकं शिल्लक आहे, कारण कुणीतरी वेळेवर त्याला कुंपण, नाव आणि दर्जा दिला. इथे जुन्या फायलींतली धूळ आणि भृंगराजाची शीळ यांचं नातं आहे. आपल्याला शीळ ऐकू येते, फाइल दिसत नाही.

पण चितमपल्ली म्हटलं की मराठी वाचकाला नवेगावबांधच आठवावं, असं लिहून ठेवलंय त्यांनी. गोंदिया जिल्ह्यातलं हे तळं. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधली, आणि नवेगावचं तळं अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं तिथे सांगतात. सभोवार डोंगर आहेत. सात बहिणी म्हणतात त्यांना. खालच्या बाजूला धानाचे बांध. तळं बांधलं माणसांनी, शेतीसाठी, आणि पाखरांनी ते आपलंसं केलं.

थंडीत पहाटे तिथल्या काठावर उभं राहावं. आधी दिसत काहीच नाही, नुसतं धुकं आणि कानावर येणारी कुजबुज. मग पाण्याचा एक पट्टा उजळतो, आणि जो काळा डाग वाटत होता तो हलायला लागतो. शेंडी बदकं असतात, तलवार बदकं असतात. अडयांची शीळ घालत जाणारी रांग असते. कुणी हिमालय ओलांडून आलेलं, कुणी इथलंच. एखादा धीवर डोंगा लोटतो. वल्ह्याचा आवाज पोहोचतो न पोहोचतो तोच अर्धं तळं उठतं, आभाळात एक फेरी घेतं आणि पुन्हा पाण्यावर टेकतं. धीवर मान वर करून बघतसुद्धा नाही. कुठलं बदक दिवाळीनंतर कधी येतं, कुठल्या वनस्पतीचे कंद खातं, कोणत्या बाजूच्या लव्हाळ्यात कोण अंडी घालतं, हे त्याला हाताच्या रेषांइतकं ठाऊक असतं. फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

चितमपल्लींनी विचारलं. त्यांच्या कामाचा गाभा मला इथे सापडतो. धीवराला, गोंडाला, माडियाला, पारध्याला, मोहफुलं वेचणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं आणि सांगितलेलं लिहून घेतलं. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. जंगलाकाठच्या माणसाला वनखात्याच्या खाकीचं भय असतं. लाकडाची मोळी, सशाचं जाळं, मासेमारीचा परवाना, काही ना काही त्याच्या मनाला लागलेलं असतं. साहेब दिसला की तो बोलणं बंद करतो. अशा माणसाने साहेबाजवळ बसून घुबडाच्या घरट्याबद्दल बोलायचं, तर आधी साहेबाला खाली जमिनीवर बसावं लागतं. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे चितमपल्लींचे तिथले सोबती. अरण्यपुत्र म्हणून त्या भागात त्यांचं नाव आहे. त्यांच्याकडून आपण काय काय शिकलो, हे चितमपल्ली पुस्तकांतून मोकळेपणी सांगतात. नेमणुकीचा हुकूम असलेला अधिकारी गावच्या पाटलाचा विद्यार्थी होतो, आणि छापून तसं कबूल करतो. आपल्याकडे विद्वानांची उतरंड फार कडक असते. तिच्यात ही कबुली मला मोठी वाटते.

दिवसभर पायांचं काम झालं की रात्री दुसरं काम सुरू व्हायचं. कंदील, वही, ग्रंथ. नोकरी करता करता त्यांनी संस्कृत शिकून घेतलं. बदली होईल तिथल्या शास्त्र्यांकडे जाऊन, खाली बसून, पाठ घेत. जर्मन आणि रशियनही शिकले. रेंजरला रशियन कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ज्याला पाखराचा माग काढायचा आहे, त्याला ते जिथून येतं तिथली भाषाही उपयोगी पडते. संस्कृतच्या अभ्यासातून पुढे एक मोठी गोष्ट हाती आली: हंसदेव या तेराव्या शतकातल्या जैन पंडिताचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. पशू आणि पक्ष्यांची रूपं, रंग, स्वभाव, माजाचे दिवस असं सगळं वर्णन करणारा हा ग्रंथ. तो मराठीत आणायला संस्कृत तर हवंच, पण ग्रंथातला हंस आणि तळ्यावरचा हंस यांत फरक कुठे पडतो तेही ठाऊक हवं. दोन्ही येणारी माणसं विरळा.

पुस्तकं या सगळ्यातून आली. ‘पक्षी जाय दिगंतरा’ हे नाव जनाबाईच्या अभंगातलं. मग ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘केशराचा पाऊस’, ‘चैत्रपालवी’, आणि आत्मचरित्र ‘चकवाचांदण’. मराठीत रानाबद्दल त्यांच्याआधी कुणी लिहिलं नव्हतं असं नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात मुद्दाम मुक्कामाला गेले आणि तिथून त्यांनी ‘नागझिरा’ आणलं, वानरांच्या टोळ्यांवरचं ‘सत्तांतर’ आणलं. माडगूळकर कथाकार होते; चार रेषांत ते वानर उभं करतात. चितमपल्ली नेमणुकीवर होते. त्यांच्या लेखनाला घाई नाही. एका झाडाखाली ते आज बसतात, पुढच्या ऋतूत पुन्हा तिथेच बसतात, आणि वाचकालाही बसवतात. कधी कधी पान पुढे सरकत नाही, तोचतोचपणा जाणवतो. पण जंगलातही असंच असतं. बराच वेळ काही घडत नाही, आणि घडतं तेव्हा ते दोन पावलांवर असतं.

एकटेपणाही त्यांच्या पानांत फार आहे. बंगल्याच्या व्हरांड्यात रात्री बसलेला माणूस, दूर सांबराची हाक, आणि बाजूला कुणी नाही. दुर्गम ठिकाणची नोकरी माणसाला दोनच गोष्टींकडे ढकलते, एक तर बाटलीकडे, नाही तर कामाकडे. त्यांनी काम घेतलं. रानावरचं प्रेम काय असतं हे मला त्यांच्या वर्णनांपेक्षा या निवडीत जास्त दिसतं.

निवृत्तीनंतरचं काम तर आणखी एकाकी. कोश. पक्षिकोश झाला, प्राणिकोश, वृक्षकोश असं करत ते पुढे गेले, ज्या वयात लोक नातवंडांचे फोटो बघतात त्या वयात. एकाच पाखराला जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं नाव असतं. देशावरचा भारद्वाज कुणाचा कुंभारकावळा, कुणाचा सोनकावळा, आणि कोकणात गेला की कुकुडकुंभा. अशी नावं वर्षानुवर्षं वह्यांतून साठलेली. सुपात धान पाखडावं तशी त्यांनी ती पाखडली: कुठलं नाव नेमकं या पक्ष्याचं, कुठलं दुसऱ्याचं चुकून याला चिकटलेलं, संस्कृतात काय, गोंडीत काय, माडियात काय. जिथे मराठीत नावच नव्हतं तिथे घडवलं; बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वस्तीला काकागार. असं काम कुणाला सांगून करून घेता येत नाही, आणि त्याला टाळ्याही पडत नाहीत. एखादी संस्था, पाच-सात माणसं, काही वर्षांचं अनुदान एवढ्याने जे व्हायचं, ते टेबलापाशी एकट्याने बसून झालं.

त्यांच्याविषयी एक गोष्ट अडखळत लिहावी लागते. कावळ्याने घरटं झाडाच्या कोणत्या बाजूला बांधलं, कोणत्या झाडावर बांधलं, यावरून पावसाचं भाकीत. बहावा फुलण्यावरून पावसाळ्याचा अंदाज. पशूंच्या वागण्यातून दुष्काळाची चाहूल. रानातल्या लोकांकडून आलेल्या असल्या गोष्टी त्यांनी आवडीने सांगितल्या, आणि वर्तमानपत्रांनी दर मे महिन्यात त्या हौसेने छापल्या. निळावंतीसारख्या गूढ पोथीचा माग त्यांनी काढला तोही याच ओढीने. शास्त्राच्या कसोटीवर ही भाकितं सिद्ध झालेली नाहीत. पेरणीची वेळ ठरवायला शेतकऱ्याने कावळ्यापेक्षा हवामान खात्याचा अंदाज बघावा, हेच बरं. नोंद आणि निष्कर्ष यांतलं अंतर त्यांच्या लेखनात कधी कधी पुसट होतं. पण नोंद म्हणून या गोष्टींचं मोल कमी होत नाही. रानाकाठची माणसं आभाळाकडे, झाडाकडे, पाखराकडे कशी बघत आली, त्याचा तो दस्तऐवज आहे. उद्या कुणा तरुण संशोधकाला एखादं भाकीत तपासायचं झालं, खोडायचं झालं, तरी ते आधी कुठेतरी लिहिलेलं हवं ना. ते लिहिलेलं आहे.

मान मिळाला, उशिरा का होईना. 2006 मध्ये 79 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, आणि त्याच गावच्या या वनाधिकाऱ्याला त्याचं अध्यक्षपद मिळालं. कवी, कादंबरीकार, समीक्षक यांच्या रांगेतल्या खुर्चीवर रेंजर बसला. शेवटची काही वर्षं नागपूर-वर्ध्याकडचा मुक्काम हलवून ते पुन्हा सोलापुरात येऊन राहिले. 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. सन्मान आणि शेवट यांत इतकं कमी अंतर असावं याची हळहळ पुष्कळांनी केली. मला ती फारशी वाटत नाही. पद्मश्रीची वाट बघत बसणारा माणूस नव्वदीपर्यंत कोशाची कार्डं लावत नाही.

माझ्या पिढीला निसर्गाचं प्रेम फार सोपं झालं आहे. चांगला कॅमेरा आहे, गाडी आहे, सफारीचं ऑनलाइन बुकिंग आहे. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं ॲप फोनमध्ये आहे. या सगळ्याला मी नाक मुरडत नाही. मीही ते वापरतो. पण ॲपला भारद्वाज कळतो, कुकुडकुंभा कळत नाही. तो ज्या आजीला कळतो ती आजी आता नव्वदीत आहे. वाघ दिसला की नाही एवढंच विचारत आपण सफारीहून परततो, आणि जिप्सी चालवणाऱ्या पोराचा आजा कोणती झाडं कशासाठी वापरायचा हे विचारायचं राहून जातं. चितमपल्लींची पिढी गेली म्हणून रान संपत नाही. त्या रानाविषयी माणसांच्या तोंडी जे आहे, ते मात्र रोज थोडं थोडं संपतं आहे.

चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालीम अली यांचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. शाळांत चित्रं काढतात, तळ्यांवर सहली जातात, फोटोंची प्रदर्शनं भरतात. ते सगळं व्हावं. त्याबरोबर प्रत्येक घरात एक साधी दोनशे पानी वही यावी, असं मला वाटतं. काय दिसलं ते लिहावं. तारीख, वेळ, जागा लिहावी. गावात त्याला काय म्हणतात ते विचारून लिहावं, आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव न विसरता बाजूला लिहावं. अधिकाऱ्याची नोकरी नसली, संस्कृत येत नसलं, जवळ जंगल नसलं, तरी चालतं. घरामागची बाभूळ पुरते. सप्ताह 12 तारखेला संपेल. वही तुम्ही 13 तारखेलाही उघडा.